ऐकण्याचे वीस मार्क

वाचनाला वीसपैकी सतरा आणि ऐकण्याला शून्य. गिरजाबाईने कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला आणखी काही मार्क लिहिले असतील म्हणून. मागची बाजू कोरी होती.

आता शून्य म्हणजे काही लहानसहान गोष्ट नाही. डोळे मिटून काहीबाही खरडलं तरी एखादं उत्तर चुकून बरोबर येतं. आणि इथे चव्वेचाळीस वर्षांची बाई, जिने दिवाळीपासून एक दिवस क्लास बुडवला नाही, जी चुलीपुढे बसून शब्द पाठ करते, तिला शून्य? बाकीच्या बायका एकमेकींना मार्क दाखवत होत्या. ही आपली कागद मांडीखाली दाबून बसून राहिली.

क्लास विहाराच्या मागच्या खोलीत भरायचा, दुपारी तीनला. ब्रह्मपुरीपासून चार किलोमीटरवरचं गाव, आणि गावातल्या सात बायका सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेल्या. शाळा सुटून वर्षं झालेल्यांना बाहेरून परीक्षा देता येते, तो हा फॉर्म. शिकवायला ब्रह्मपुरीहून सायमा मॅडम स्कुटीवर यायच्या. बीएड झालेली, सव्वीस वर्षांची पोरगी. बोलायला गोड, पण कॉपीचं नाव काढलं की मिरची. त्या दिवशी तिने पहिल्यांदा खऱ्या परीक्षेसारखी चाचणी घेतली होती. आधी छापलेला उतारा वाचून उत्तरं लिहायची, मग मोबाईलला लहानसा स्पीकर जोडून लावलेला उतारा ऐकून लिहायची.

सगळ्या गेल्यावर सायमाने गिरजाबाईला थांबवलं आणि समोर बसली.

"गिरजाबाई, खरं सांगा. वाचनाचं कोणाचं पाहून लिहिलं?"

गिरजाबाईने चोवीस वर्षं राईस मिलमध्ये काढली, पण चाळणीखाली सांडलेली मूठभर तांदळाची कनकी कधी पदरात बांधली नाही. मिलमधल्या बायका तिला चिडवायच्या, की गिरजाच्या कोंबड्याही उपाशी मरतीन. आणि या वयात, विहाराच्या खोलीत, लेकीच्या वयाची पोरगी विचारते की कोणाचं पाहून लिहिलं.

"मी कोनाचं पाहत नाई, मॅडम," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला.

"मग ऐकण्यात शून्य कसं? जिला एवढं वाचता येतं, तिला ऐकून एक वाक्य समजू नये?"

"इंग्रजी हळू बोलतेत ना मॅडम. शिकलेले लोकं हळूच बोलतेत."

सायमाला वाटलं, बाई बहाणा करते आहे. पण गिरजाबाई अगदी मनापासून बोलली होती. तिचा तसा पक्का समज होता, आणि तिचाच कशाला, साऱ्या मिलच्या गल्लीचा होता. गल्लीत घरटी एक-दोन माणसं मिलमध्ये. घरीदारी सारे घसा ताणून बोलायचे. गिरजाबाईचा नवरा देवराव मिलचं इंजिन सांभाळायचा. नवरा-बायको चहा-साखरेचं बोलले तरी रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, पेटलं यांच्या घरी भांडण. आणि बँकेत जा, दवाखान्यात जा, तिथले लोक कसे ओठातल्या ओठात बोलतात. त्यावरून गल्लीने हिशेब बसवून टाकला होता, की शिक्षण वाढलं की आवाज कमी होतो. गिरजाबाई तर लेकीला, रिनाला, लहानपणापासून सांगायची, हळू बोलत जा वं, शिकल्यासारखं.

घरी येताना तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. कॉपीचा आळ तर होताच, पण त्याहून मोठी धास्ती त्या शून्याची होती. लग्नाआधी दहावीला ती दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा फक्त इंग्रजीत. लेखी पेपरात व्याकरण तिचा जीव खायचं. ऐकण्या-बोलण्याचे वीस मार्क हाताशी आले तर गाडी पार, नाहीतर पुन्हा तेच, असं सायमानेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि पुन्हा बसायला वेळ कुठे होता? गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईची जागा निघणार होती. दहावी पास पाहिजे आणि वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे. म्हणजे हे एकच वर्ष.

ती जागा तिला स्वतःसाठी हवी होती असं म्हणाल तर अर्धंच खरं. तिला रिनाला मिलपासून लांब ठेवायचं होतं. रिना बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणते. घरात दुसरी कमाई सुरू झाली, की पोरगी गडचिरोलीला होस्टेलवर जाईल. मात्र अभ्यासाला वेळ काढायचा तर मिल सोडावी लागते, आणि मिलची रीत अशी, की बाई चार दिवस आली नाही तर तिची जागा गेली. जागा राखायची तर घरातलं कोणीतरी बदलीला द्यायचं. सासूच्या जागी सून, बहिणीच्या जागी बहीण. गिरजाबाई स्वतः अशीच एकोणीस-वीस वर्षांची असताना सासूच्या बदलीला आली आणि चोवीस वर्षं तिथेच राहिली. तेव्हा दिवाळीनंतर रिना म्हणाली, "आई, तू शिक. तीन महिन्याचीच तर गोष्ट आहे, मी उभी राहतो तुह्या जागी." गिरजाबाईने दोन दिवस नाही नाही म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी हो म्हटलं.

तेव्हा बघा, पोरीला चाळणीवर उभं करून आईने काय आणलं, तर शून्य. घरी तिने कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सायमाने तिला अर्धा तास आधी बोलावलं होतं. एकटीला बसवून पुन्हा चाचणी घेणार होती. गिरजाबाई अडीचलाच पायरीवर येऊन बसली. फेब्रुवारी नुकताच लागला होता आणि ऊन आत्ताच चटके देत होतं. सायमाची स्कुटी आली. आपल्याकडच्या साऱ्या पोरी बांधतात तसा तिने दुपट्टा डोक्याभोवती, नाकातोंडावरून गच्च गुंडाळला होता. नुसते डोळे दिसत होते. गाडी लावता लावता ती काहीतरी बोलली.

गिरजाबाई तिच्याकडे बघत होती. आवाज आला, बोलते आहे हे कळलं, पण काय बोलते ते कळलं नाही.

"का म्हन्ता मॅडम?"

सायमा पुन्हा बोलली. आवाज तेवढाच, अंतर चार हातांचं. गिरजाबाई जवळ गेली, मान पुढे केली. काही नाही. मराठी आहे की इंग्रजी हेसुद्धा तिला सांगता येईना.

मग सायमाने दुपट्टा सोडला, घाम पुसला आणि त्याच आवाजात म्हणाली, "किल्ली आणली का म्हणते, विहाराची."

"हाव, आनली ना," गिरजाबाई म्हणाली आणि कमरेची किल्ली काढून दिली.

सायमाच्या हातात किल्ली तशीच राहिली. ती गिरजाबाईच्या तोंडाकडे बघू लागली, मग हातातल्या दुपट्ट्याकडे. खोलीत गेल्यावर तिने चाचणीचा कागद काढलाच नाही. गिरजाबाईला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आपण मागे खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि काहीतरी बोलली. मग समोर येऊन विचारलं, "आत्ता मी काय म्हटलं?"

"तुम्ही बोलल्या कुठी?"

"तीन वाक्यं बोलले, गिरजाबाई. मराठीत. तुमचं नाव घेऊन."

गिरजाबाईने मागे वळून पाहिलं, जणू ती तीन वाक्यं अजून तिथेच कुठे पडलेली असतील. मग सायमाने पुस्तकातला उतारा काढला, तोच कालचा, समोर बसून इंग्रजीत वाचला आणि पाच प्रश्न विचारले. गिरजाबाईची नजर तिच्या ओठांवरून हलली नाही. चार उत्तरं बरोबर आली.

"मिलमध्ये तुम्ही कसं बोलता एकमेकींशी?" सायमाने विचारलं.

त्यात काय विचारायचं? मिलमध्ये कोण बोलतं? भात सडायचा हलर सुरू झाला की शेजारची किंचाळली तरी ऐकू येत नाही. तिथे हाताने बोलायचं. तळहात गोल फिरवला की पट्टा उतरला, दोन बोटं दाखवली की पोतं भरलं, कपाळाला हात लावला की मालक आला. आणि बाकी सुखदुःखाच्या गोष्टी तोंडाकडे बघून समजायच्या. नवीन बाईला सहा महिने लागतात, मग आपोआप जमतं. गिरजाबाईने हे सारं सांगितलं आणि सांगता सांगता तिचा आवाज खाली आला. कॉपी ती खरंच करत होती. फक्त शेजारणीच्या कागदावरून नाही, जगाच्या तोंडावरून.

सायमाने तिचा हात धरला. "कालचं मनात ठेवू नका, गिरजाबाई. माझंच चुकलं."

"तुमचं काय चुकलं? मलेच मालूम नोहतं," गिरजाबाई म्हणाली. तिला रडू येत नव्हतं. फक्त समजत नव्हतं, की चोवीस वर्षं घरात राहणारी गोष्ट आपल्याला दिसली कशी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायमा तिला स्कुटीवर बसवून ब्रह्मपुरीच्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि सांगितलं, टुक आवाज आला की बटण दाबा. सुरुवातीला दोन-चार जाड आवाज आले, मग गिरजाबाई बटणावर अंगठा ठेवून नुसती वाट बघत बसली. तिला वाटलं, मशीन बंद पडली. तेवढ्यात डॉक्टर दार उघडून आत आले आणि म्हणाले, झालं.

"जाड आवाज येतात तुम्हाला, बारीक येत नाहीत," डॉक्टरने समोर बसून सांगितलं. "म्हणून कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय हे कळत नाही. मशीनच्या आवाजाने नस गेलेली आहे. ती परत येत नसते. कानात घालायचं यंत्र मिळेल, त्याने थोडंफार भागेल." मग त्यांनी विचारलं, "अगदी सुरुवातीला कानात शिट्टी वाजायची का?"

"हाव. वर्षभर वाजली. मंग बसली आपोआप."

"बसली म्हणजे बरी झाली असं नसतं, बाई. शिट्टी वाजते तेव्हा कान सांगत असतो, की मला इथून न्या. त्या वेळी माणूस लांब गेला तर पुष्कळदा वाचतो."

गिरजाबाईला तो दिवस आठवला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सकाळी उठली तर शिट्टी नाही. केवढी खूश झाली होती ती. सासूला म्हणाली, सवय झाली आता मिलची. सासू हसली होती, आणि त्या आनंदात हिने शेजारणींना बोलावून चहा पाजला होता. कान गेल्याचा चहा.

आणि मग एकदम तिला रिना आठवली. ती खुर्चीवरून उठली. "मॅडम, मिलवर घ्या गाडी," ती म्हणाली. डॉक्टर कागद लिहून देत होते, तोही सायमानेच घेतला.

मिलवर पोचल्या तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि मशीन बंद होतं. बायका शेडच्या सावलीत डबे सोडून बसल्या होत्या. रिना नळावर हात धूत होती, पाठमोरी. केसांवर, भुवयांवर कोंड्याची पांढरी धूळ. गिरजाबाई फाटकातच थांबली.

"मॅडम, तुम्ही क्लासमध्ये बोलता तशा आवाजात तिले हाक मारा. मोठ्यानं नोका मारू."

सायमाने हाक मारली. गिरजाबाई सायमाकडे बघत नव्हती, ती बायकांच्या मानांकडे बघत होती. आठ बायका बसल्या होत्या. एकीचीही मान वळली नाही. ललिता, जी हिच्यासोबत वीस वर्षं चाळणीवर होती, भाकर मोडत राहिली. सारी गल्ली, सारीच्या सारी, आणि एकमेकांना काय म्हणत होतो आपण, की बँकेतले लोक हळू बोलतात.

रिनाही वळली नव्हती.

"अजून एकदा," गिरजाबाई म्हणाली. सायमाने दुसऱ्यांदा हाक मारली, आवाज तिलाही न कळत थोडा चढला. तेव्हा रिनाने इकडेतिकडे पाहिलं, मग मागे वळली आणि हसत हसत आली.

"काय वं आई, तू इथी? मॅडम, तुम्ही आवाज देत होत्या का? मले शिट्टीच्या पायी आयकूच आलं नाई." तिने कानात बोट घालून हलवलं. "मशीन बंद झाली का वाजते. रोज वाजते. ललिताकाकू मनते, नवीन पोरीले वाजतेच. होईन सवय."

गिरजाबाईने लेकीच्या ओठांवरचा शब्दन्‌शब्द वाचला. यातला एकही शब्द नीट कळला नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तीन महिने. आपण दहावी व्हावं म्हणून तीन महिने आपणच हिला या जागी आणून उभं केलं. रोज संध्याकाळी पोरगी दमून यायची आणि आपण तिच्यासमोर इंग्रजीचं पुस्तक उघडून बसायचो.

"चाल घरी," ती म्हणाली.

"अन् सुट्टी झाल्यावर चाळनीवर कोन?"

"कोनी नाई."

ललिताने लांबून पाहिलं आणि हाताने विचारलं, काय झालं. गिरजाबाईने रिनाकडे बोट केलं, मग दोन्ही तळहात झटकले. मिलच्या भाषेत त्याचा अर्थ, ही पाळी संपली. ललिताने डोळे मोठे केले आणि जमिनीकडे बोट दाखवलं, म्हणजे जागा जाईल. गिरजाबाईने पुन्हा तळहात झटकले. मग जवळ जाऊन, ललितासमोर उकिडवी बसून, ओठ नीट हलवत तिने तिला काचेच्या खोलीबद्दल सांगितलं. ललिता ऐकत गेली आणि तिच्या हातातली भाकर हातातच राहिली.

घरी देवरावने आधी आकांडतांडव केलं. जागा गेली, परीक्षेचा भरवसा नाही, आता खायचं काय? गिरजाबाईने वाद घातला नाही. तो पाठ फिरवून पाण्याचा चंभू भरायला वळला तेव्हा ती मागून, आवाज न चढवता, त्याला म्हणाली, "अजी, घराले आग लागली." देवराव शांतपणे चंभू भरत राहिला. रिना दारात उभी होती. तिने ते पाहिलं आणि तोंडावर हात दाबला. देवराव वळला तेव्हा दोघी त्याच्याकडे बघत होत्या, आणि पुढचं त्याला रिनाने समोर बसवून सांगितलं. त्यानंतर त्याने जागेचं नाव काढलं नाही.

तोंडी परीक्षेला आठ दिवस होते. बहिरेपणाचं प्रमाणपत्र काढायला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागणार होते, तेवढ्यात ते होणं शक्य नव्हतं. सायमाने एकच उपाय सांगितला, की परीक्षा घेणाऱ्या सरांना तोंडाने सांगायचं. गिरजाबाईला तेच सगळ्यात अवघड वाटत होतं. बहिरी ही आपल्याकडे शिवी आहे. ते आठ दिवस सायमा रोज तिला समोर बसवून उतारे वाचायची, आणि आणखी एक गोष्ट शिकवायची. गळ्यावर दोन बोटं ठेवायची, बोटांना जेमतेम थरथर लागली की समजायचं, आपला आवाज आता साऱ्या जगाइतका आहे. आणि रोज सकाळी उठल्या उठल्या गिरजाबाई रिनाला विचारायची, "वाजते का?" रिना म्हणायची, वाजते. पाचव्या दिवशी म्हणाली, थोडी कमी आहे.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या खोलीत पंचवीस जण होते, बहुतेक मिसरूड न फुटलेले. सरांनी टेबलावर स्पीकर ठेवला. गिरजाबाई उभी राहिली. तिने गळ्यावर दोन बोटं ठेवली.

"सर, मले आयकू येत नाई. मी बहिरी आहो. तुम्ही माह्यासमोर उभं राहून वाचलं तर मी लिहितो."

मागे कोणीतरी हसलं असणार, कारण सरांनी तिच्या डोक्यावरून मागे रागाने पाहिलं. मग त्यांनी स्पीकर बाजूला सारला, खुर्ची ओढून तिच्या बाकासमोर आणली आणि उतारा स्वतः वाचला, दोनदा. पाच प्रश्नांपैकी चार तिला नक्की आले. पाचव्याला सरांनी नेमकं तोंड पुसलं.

ती घरी आली तेव्हा रिना अंगणात भाजी निवडत बसली होती. मार्कांचं, परीक्षेचं सांगायच्या आधी गिरजाबाईने विचारलं, "वाजते का?" त्या सकाळी परीक्षेच्या घाईत विचारायचं राहिलं होतं.

रिना हसली. "नाई वाजत, आई. सकाळपासून नाई. पूरी बंद झाली."

पोरगी खुशीत सांगत होती, अगदी तशीच, जशी गिरजाबाई स्वतः एकदा सासूला सांगत होती. शिट्टी दोन कारणांनी थांबते, कान वाचला म्हणून नाहीतर कान गेला म्हणून, हे आता तिला माहीत होतं. गिरजाबाई पिशवी ओट्यावर ठेवून घरात गेली, मागच्या दाराने बाहेर आली आणि घराला वळसा घालून रिनाच्या पाठीमागे, दहा पावलांवर, येऊन उभी राहिली. पदर तोंडाला लावला. गळ्यावर दोन बोटं ठेवली. बोटांना जेमतेम कळेल एवढ्या आवाजात तिने लेकीचं नाव घेतलं.

रिनाने मान वळवली.

"काय वं आई? इतक्या हळू काऊन बोलून राह्यली?"